न आलेल्या भागासाठी

बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड तळहातावर मावतो. लांबी सुमारे ८६ मिलिमीटर, रुंदी ५३. एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट मेमरी आणि त्यावर चालणारं लिनक्स, एवढा ऐवज घेऊन तो २०१३ च्या एप्रिलमध्ये ४५ डॉलरला बाजारात आला. आजच्या साध्यातल्या साध्या फोनपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण या बोर्डाच्या दोन्ही कडांना काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीत ४६ भोकं आहेत. ती भोकं रिकामी असतात. ती रिकामी राहावीत, उद्या कुणाच्या तरी हाताने भरली जावीत, म्हणूनच बाकीचा सगळा बोर्ड रचलेला आहे.

फोन रचणाऱ्याला आपल्या यंत्रात काय काय असणार, ते शेवटच्या स्क्रूपर्यंत ठाऊक असतं. बीगलबोन रचणाऱ्यांनी ठाऊक नसण्यापासूनच सुरुवात केली. कुणी इथे मोटर जोडेल, कुणी पडदा, कुणी विहिरीतली पाण्याची पातळी मोजणारं काही. तो माणूस कोण, कुठल्या देशातला, केव्हा येणार, यातलं काहीही माहीत नसताना त्याच्यासाठी जागा राखली. शिवाय कुठली तार कुठून निघते आणि कुठे पोहोचते, त्याचा संपूर्ण नकाशा खुला केला. या बोर्डाचे रचनाकार जेराल्ड कोली यांनी लिहिलेलं संदर्भपुस्तक माझ्या कामाच्या टेबलावर कायम असतं. त्यात एक सूचना आहे: बोर्ड जागा होऊन त्याच्या रीसेटच्या तारेवर व्होल्टेज येईपर्यंत बाहेरून कुठल्याही पिनला वीज देऊ नका. पुढे कुणी काय जोडेल ते माहीत नसतानाही त्याचं नुकसान होऊ नये, याची काळजी त्या एका वाक्यात आहे.

मी अशा यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. पुण्यात राहते, दिवसा नोकरीत हेच काम असतं आणि रात्री स्वतःच्या आवडीनेही हेच करते. या कामाने मला जे शिकवलं ते एका वाक्यात सांगायचं, तर असं: सुट्या भागांच्या यंत्राचं सॉफ्टवेअर हे अजून न आलेल्यासाठी लिहायचं असतं. जो भाग आज जोडलेला नाही, जो माणूस आज ओळखीचा नाही, त्याला इथे आल्यावर अडायला होऊ नये, हा या कामाचा गाभा आहे. वेग, मेमरी, विजेची बचत हे सगळं त्यानंतर येतं.

माझ्या मामांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर नवे फुटवे निघतात, त्या कोवळ्या दिवसांत डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते. पान काही तास ओलं राहिलं आणि हवा बुरशीला मानवणारी असली, की ती पानात शिरते, मग पानाच्या मागच्या बाजूला पांढरी लव दिसू लागते. तोवर उशीर झालेला असतो. फवारणी कधी घ्यायची, हा त्या दिवसांतला रोजचा प्रश्न. मी मामांच्या बागेत एक पेटी बसवून दिली. आत बीगलबोन, बाहेर हवेशीर आडोशात बॉश कंपनीचा बीएमई२८० हा संवेदक: तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा, नखापेक्षाही लहान. मामांनी बरेच दिवस आकडे पाहिले. मग एकदा म्हणाले, "पोरी, हवा किती दमट ते तुझं यंत्र बरोबर सांगतंय. पण रोग हवेला नाही, पानाला होतो. पान किती वेळ वलं राहिलं ते सांगंल का हे?"

"सांगेल, मामा. त्याला आणखी एक भाग जोडावा लागेल."

"मग जोड की. जागा हाये ना?"

जागा होती. शेतकऱ्याने एका वाक्यात विचारलेला हा प्रश्न माझ्या सगळ्या व्यवसायाच्या मुळाशी आहे. कारण जागा म्हणजे नुसतं भोक नव्हे. भोकामागे पिन, पिनमागे प्रोसेसरातला एखादा कोपरा, त्यामागे कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर, त्यामागे माझा प्रोग्राम. या प्रत्येक पायरीवर कुणीतरी आधीच विचारपूर्वक मोकळीक ठेवलेली असेल, तरच मामांच्या प्रश्नाला 'हो' म्हणता येतं.

ती मोकळीक बोर्ड जागा होताना पाहायला मिळते. बोर्डावर सहा पिनांची एक छोटी पट्टी असते. तिला सिरीयल केबल लावायची, लॅपटॉपवर वेग १,१५,२०० ठरवायचा आणि वीज द्यायची. प्रोसेसर सुरू होतो तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. बोर्डावरची ५१२ मेगाबाइट मेमरीसुद्धा त्या क्षणी त्याच्या उपयोगाची नसते, कारण ती कशी वापरायची हे त्याला अजून सांगितलेलं नसतं. त्याच्यापाशी असतो तो कारखान्यातच सिलिकॉनमध्ये कोरलेला छोटा प्रोग्राम. तो बोर्डावरच्या साठवणीत बघतो, मग मेमरी कार्डाच्या खाचेत बघतो. कुठेच काही सापडलं नाही, तर सिरीयलच्या तारेवर ठरावीक अंतराने 'सी' हे अक्षर पाठवत राहतो. पडद्यावर सी, सी, सी अशी ओळ उमटत जाते. कुणी ऐकत असेल तर मला पुढचा प्रोग्राम या तारेवरून पाठवा, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा ती ओळ पाहिली तेव्हा मी बराच वेळ केबल न काढता बसले होते. ज्या यंत्रात काहीही उरलेलं नाही, त्याच्यातही मदत मागण्याची एक वाट कुणीतरी आठवणीने ठेवली होती.

सगळं जागच्या जागी असेल तर काही सेकंदांत एकेक जण पुढच्याच्या हाती सूत्रं देत जातो. आधी जेमतेम शंभर किलोबाइटचा एक बूटलोडर येतो. तो चिपच्या आतल्या इवल्याशा मेमरीत बसतो आणि बाहेरची मोठी मेमरी वापरण्याजोगी करतो. मग त्या मोठ्या मेमरीत यू-बूट नावाचा दुसरा बूटलोडर येतो. तो कर्नल शोधून आणतो आणि बाजूला होतो. कर्नलची पहिली ओळ पडद्यावर येते तेव्हा तिच्यापुढे वेळ लिहिलेली असते: शून्य पूर्णांक आणि पुढे सहा शून्यं. या साखळीतला प्रत्येक जण आपलं काम संपलं की पुढच्याला पुरेल एवढं मागे ठेवून निघून जातो.

कर्नलला मात्र एक मोठा प्रश्न असतो. आपण कुठल्या यंत्रात जागे झालो आहोत? घरातल्या संगणकात यूएसबीला काही जोडलं, की ते स्वतःची ओळख देतं. बोर्डावरच्या पिनांना जोडलेल्या साध्या चिपांना ती सोय नसते. आयटूसी नावाची जी दोन तारांची पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणली, तिच्यावर प्रत्येक चिपला सात बिटांचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर हाक मारली तर चिप नवव्या ठोक्याला तार खाली ओढून 'आहे' एवढंच सांगते. कोण आहे, हे त्यातून कळत नाही. पत्ता सारखा असलेल्या दहा जातींच्या चिपा असू शकतात.

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर कर्नलच्या आतच लिहिलेलं असे. प्रत्येक बोर्डासाठी एक वेगळी फाइल, तिच्यात त्या बोर्डाची सगळी हकिकत. बीगलबोनवर आहे तशा एआरएम प्रोसेसरचे बोर्ड वाढत गेले तशा या फायली वाढत गेल्या. २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला आणि एआरएमच्या जगाने डिव्हाइस ट्रीकडे वळायचं ठरवलं. कल्पना जुनी होती. सन कंपनीच्या यंत्रांत आणि अ‍ॅपलच्या पॉवरपीसी यंत्रांत ओपन फर्मवेअरमधून ती आधीच नांदत होती. यंत्राचं वर्णन कर्नलच्या बाहेर काढून एका स्वतंत्र मजकुरात लिहायचं. कर्नल तोच, सोबतचा मजकूर बदलला की तो दुसऱ्या यंत्रात नांदायला तयार.

मला डिव्हाइस ट्री लिहायला आवडतं. त्यात हुकूम नसतात. आधी हे कर, मग ते कर, असं काही नसतं. नुसतं वर्णन असतं: ही दोन तारांची वाट, हिच्यावर सोळाच्या मोजणीतल्या ७६ या पत्त्यावर बीएमई२८०, त्याला वीज या पुरवठ्यातून. एकेका पिनचं कामही इथेच ठरतं. बीगलबोनची एक पिन आठपर्यंत वेगवेगळी कामं करू शकते. तीच पिन कधी सिरीयलची तार होईल, कधी मोटरचा वेग ठरवणारे ठोके देईल, कधी साधा दिवा लावेल. एका वेळी एकच. त्यातलं काय व्हायचं, हे तिला तुम्ही सांगितलेलं वर्णन ठरवतं. आपण जे आहे ते खरं आणि नेमकं लिहिलं, की पुढचं काम ते वाचणारा करतो. लेखनावरचा इतका विश्वास मी दुसऱ्या कुठल्या तंत्रात पाहिला नाही.

पण वर्णन तरी आधी कुणी लिहायचं? काल बनलेल्या भागाचं वर्णन परवाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठून असणार? बीगलबोनने यावर जे उत्तर काढलं, ते मला फार आपलं वाटतं. त्यावर चढवायच्या जोडबोर्डांना केप म्हणतात. नियम असा की प्रत्येक केपवर एक छोटी कायमस्वरूपी मेमरी असावी आणि तिच्यात केपने स्वतःविषयी लिहून ठेवावं: नाव, आवृत्ती, बनवणारा, क्रमांक, मी कुठल्या पिना वापरणार, मला किती करंट लागणार. या ओळखीसाठी दोन तारांच्या वाटेवर चार पत्ते राखून ठेवलेत, म्हणजे एकावर एक चार केप चढवता येतात. दारात आलेल्या पाहुण्याने चपला काढता काढता गाव, नाव, कुणाकडून आलो ते सांगावं आणि घरच्यांनी त्याप्रमाणे पाट मांडावा, तसा हा व्यवहार आहे. २०१३ सालच्या कर्नलमध्ये पँटेलिस अँटोनियू यांनी लिहिलेला केपचा कारभारी ही ओळख वाचून त्या केपचं वर्णन मूळ वर्णनावर चढवत असे. दोन केपांनी एकच पिन मागितली तर दुसरीला नकार मिळे. पुढे हे काम कर्नलकडून यू-बूटकडे गेलं. जागा बदलली, तरी येणाऱ्याने स्वतःची खरी ओळख सोबत आणायची हा करार टिकून आहे.

मामांच्या बागेत पान-ओलाव्याचा संवेदक आला. पानाच्या आकाराची एक पट्टी, तिच्यावर एकमेकींत गुंतलेल्या पण एकमेकींना न शिवणाऱ्या धातूच्या रेघा. कोरडी असताना रेघांमधून वीज जात नाही. दव उतरलं की पाण्याच्या पातळ थरातून ती वाट काढते आणि रोध घटतो. बोर्डावर असं मोजमाप घेणाऱ्या सात पिना आहेत. त्यांना १.८ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून मध्ये रोध जोडून व्होल्टेज खाली आणावं लागतं. मग कर्नल शून्य ते ४०९५ मधला एक आकडा देतो. पट्टी अगदी पानांच्या घोसात, ओलांड्यावरच्या खऱ्या पानांसारख्या कोनात बांधायची, ही जागा मामांनी दाखवली. ते माझ्या कुठल्याही संदर्भपुस्तकात नव्हतं.

कर्नलमधला ड्रायव्हर हा माझ्या लेखी या सगळ्या रचनेतला सर्वांत सुसंस्कृत भाग. डिव्हाइस ट्रीमध्ये चिपचं नाव दिसलं की कर्नल त्या नावाच्या ड्रायव्हरला बोलावतो. ड्रायव्हर आधी खात्री करून घेतो. बीएमई२८० च्या बाबतीत तो चिपच्या एका ठरावीक कप्प्यातला आकडा वाचतो. तिथे सोळाच्या मोजणीतले ६० असतील तर ही तीच चिप. मगच तो तिचा ताबा घेतो. पत्त्यांचा तक्ता काढला तर त्या जागी आता ७६ ऐवजी 'यू यू' अशी खूण दिसते. म्हणजे हिची जबाबदारी कुणीतरी घेतली आहे. त्यानंतर संवेदकाचं तापमान एका साध्या फाइलमध्ये मिळतं. फाइल उघडली की त्यात २४३१० असा आकडा, म्हणजे २४.३१ अंश सेल्सिअस. उद्या हा संवेदक बिघडला आणि दुसऱ्या कंपनीचा लावला, तरी कर्नलच्या संवेदकांसाठीच्या शाखेत तापमान अंशाच्या हजाराव्या भागातच मिळणार. माझ्या प्रोग्रामला चिपचं नावही माहीत असण्याची गरज नाही.

पण बोलावल्यावर ड्रायव्हरला असंही आढळू शकतं, की आपल्याला ज्या वीजपुरवठ्याची किंवा घड्याळाची गरज आहे, त्याचाच ड्रायव्हर अजून आलेला नाही. पूर्वी इथे अपयश येई, मग कोण आधी येणार याचा क्रम जुळवत बसावं लागे. २०१२ पासून कर्नलमध्ये यासाठी एक वेगळं उत्तर आहे. ड्रायव्हर ५१७ हा आकडा परत करतो. अर्थ एवढाच: मला आत्ता जमणार नाही, पण मी कायमचा नाही म्हणत नाही, मला पुन्हा विचारा. कर्नल त्याला बाजूच्या यादीत ठेवतो. मागाहून दुसऱ्या कुठल्याही भागाचं काम मार्गी लागलं, की यादीतल्या सगळ्यांना पुन्हा विचारलं जातं. ज्याची वाट पाहत होता तो आलेला असेल, तर हाही कामाला लागतो.

रात्री लॉग वाचताना हे पुन्हा विचारणं ओळीओळीतून दिसतं. एक जण मागे थांबतो, दुसरा येतो, मग पहिला उठतो. कुणाला दोष दिला जात नाही. उशीर आणि नकार यांत फरक करायला या रचनेला कुणीतरी शिकवलं आहे आणि तो फरक एका आकड्याने जपला आहे. माणसांच्या संस्थांमध्ये, कचेऱ्यांमध्ये, घरांमध्येसुद्धा असा आकडा असता तर किती जणांचं आयुष्य सुसह्य झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

येण्याची तयारी जितकी महत्त्वाची, तितकीच जाण्याची. प्रत्येक चांगल्या ड्रायव्हरमध्ये स्वीकाराचा जसा भाग असतो, तसा निरोपाचाही असतो. घेतलेली मेमरी परत करायची, धरलेली पिन सोडायची, चालू ठेवलेलं घड्याळ थांबवायचं. या निरोपाचा विचार सर्वांत पुढे नेणारं एक यंत्र न्यूयॉर्कच्या बग लॅब्स या कंपनीने बनवलं होतं. पीटर सेमेलहॅक तिचे संस्थापक. २००८ च्या सुमारास आलेलं त्यांचं बगबेस म्हणजे हातात धरता येईल असा लिनक्सचा एक पाया आणि त्यावर चार खाचा. कॅमेरा, जीपीएस, स्पर्शाचा पडदा, हालचाल ओळखणारा संवेदक असे भाग वेगळे मिळत. यंत्र चालू असतानाच ते लावायचे आणि काढायचे.

त्यासाठी लिहायचे प्रोग्राम जावामध्ये, ओएसजीआय नावाच्या चौकटीत असत. कॅमेरा खाचेत बसला की 'चित्र घेणे' ही सेवा यंत्रात उगवे आणि ती हवी असलेला प्रोग्राम सुरू होई. कॅमेरा काढला की सेवा मावळे आणि प्रोग्रामला आवरतं घ्यावं लागे. म्हणजे कॅमेरा आहे असं धरून एक ओळही लिहिता येत नसे. ज्याच्यावर आपलं काम अवलंबून आहे, तो कुठल्याही क्षणी उठून जाऊ शकतो, हे पहिल्या ओळीपासून मान्य करावं लागे. त्या चौकटीविषयी वाचल्यानंतर माझी लिहिण्याची रीत बदलली. बागेतल्या पेटीत आर्द्रतेचा संवेदक गप्प झाला, तरी पान-ओलाव्याची नोंद चालू राहते. जे नाही, त्याच्या जागी शून्य लिहिलं जात नाही. 'नाही' असंच लिहिलं जातं. शून्य टक्के आर्द्रता आणि आर्द्रता माहीत नसणं यांत शेतकऱ्याच्या लेखी एका फवारणीचा फरक असतो.

बगबेसच्या भागांतल्या एकाला एमआयटीचे प्राध्यापक एरिक फॉन हिपेल यांचं नाव दिलेलं होतं. त्या भागात संवेदक नव्हता, पडदा नव्हता. आतल्या तारा वापरणाऱ्याच्या हाती उघड्या करून दिलेल्या होत्या, इतकंच. फॉन हिपेल यांनी आयुष्यभर एक गोष्ट अभ्यासून मांडली: नव्या वस्तू पुष्कळदा कारखान्यात सुचत नाहीत, त्या वापरणाऱ्यांना सुचतात, कारण गरज त्यांना आधी बोचते. २००५ सालचं या विषयावरचं पुस्तक त्यांनी इंटरनेटवर मोफतही उपलब्ध करून दिलं. मामांनी पानाविषयी विचारलं, तेव्हा मला त्या विचाराचा जिवंत पुरावा समोर दिसला. हवेच्या आर्द्रतेने काम भागेल, असं मोजणारे आम्ही म्हणत होतो. पानाला हात लावणाऱ्या माणसाला नेमकं काय मोजायचं ते माहीत होतं.

बगबेस फार काळ टिकलं नाही. सुटे भाग म्हणजे प्रत्येकाला वेगळी पेटी, वेगळा जोड, थोड्या संख्येत बनवण्याचा वाढलेला खर्च. त्याच वर्षांत बंद फोनांनी कॅमेरा, जीपीएस आणि स्पर्शाचा पडदा एकाच काचेमागे बसवले आणि ते फोन लाखोंनी विकले गेले. बग लॅब्स पुढे यंत्रांकडून सॉफ्टवेअर सेवांकडे वळली. याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं मी लपवत नाही. चांगली कल्पना बाजारात हरते तेव्हा ती चुकीची होती असा निष्कर्ष लोक फार लवकर काढतात. येणाऱ्या-जाणाऱ्या भागांसाठी लिहिण्याची ती शिस्त मात्र बगबेस न पाहिलेल्या माझ्यासारखीच्या हातातही पोहोचली. खुल्या कामाला ही दुसरी वाट असते. त्याचं पहिलं घर मोडलं, तरी ते दुसऱ्याच्या घरात राहू शकतं.

बीगलबोनच्या बाबतीत हे डोळ्यांदेखत घडलं. नकाशा खुला असल्यामुळे २०१५ मध्ये शेन्झेनच्या सीड स्टुडिओने बीगलबोनमागच्या बीगलबोर्ड संस्थेच्या साथीने बीगलबोन ग्रीन आणला. मूळ बोर्डावरची एचडीएमआयची सोय काढली, संवेदक चटकन लावता यावेत म्हणून दोन सोपे जोड बसवले. शेतात ठेवायच्या पेटीला टीव्ही लागत नाही. तिला जोड लागतात. कुणाचं काही न चोरता, एका गरजेसाठी रचना बदलता आली. सॉफ्टवेअर जवळपास तेच राहिलं, डिव्हाइस ट्रीमधल्या काही ओळी बदलल्या.

कर्नलमध्ये येणाऱ्या प्रत्येक बदलाखाली लिहिणाऱ्याच्या सहीची एक ओळ असते. २००४ पासूनची ही पद्धत. हे मी लिहिलं आहे किंवा मला पुढे देण्याचा हक्क आहे, अशी ती नावानिशी दिलेली ग्वाही. तपासणाऱ्यांच्या सह्या तिच्याखाली येत जातात. एखाद्या ड्रायव्हरचा इतिहास मी जुन्या नोंदींपासून वाचत येते तेव्हा त्यात जगभरची माणसं भेटतात. कुणी थंडीत उणे तापमान चुकीचं येतं म्हणून एक ओळ सुधारलेली असते, कुणी झोपेतून उठल्यावर चिप गप्प राहते म्हणून दोन. त्यांना निफाड ठाऊक नाही, द्राक्षाची छाटणी ठाऊक नाही. तरी त्यांनी दुरुस्त केलेल्या त्या ओळी रोज पहाटे माझ्या मामांच्या बागेत चालतात. मी त्यांची ऋणी आहे. हे ऋण फेडायची एकच रीत मला माहीत आहे: आपल्याला सापडलेली दुरुस्ती आपल्यापाशी न ठेवता तशीच सहीनिशी पुढे द्यायची.

आता मी बागेतल्या पेटीची सगळी माहिती मराठीत लिहून काढते आहे. कुठली तार कुठल्या पिनला, रोध किती, फाइलमधला आकडा कसा वाचायचा, पट्टी पानांत कुठल्या कोनात बांधायची. गावातली दोन मुलं डिप्लोमाला आहेत. त्यांना पेटी उघडून दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पर्जन्यमापक जोडता येईल का, हा. दोन मिनिटांत त्यांनी मोकळी पिन शोधूनही दिली. इंजिनिअरिंगच्या वर्गांत आपण मुलांना बंद डब्यांची बटणं दाबायला शिकवतो आणि मग त्यांना नवं सुचत नाही म्हणून खंत करतो. त्यांच्या हातात ज्याचा नकाशा वाचता येतो असं यंत्र द्यायला हवं, बिघडलं तर बिघडू द्यायला हवं, आणि ते सी, सी, सी म्हणत मदत मागतं तेव्हा उत्तर कसं द्यायचं ते शिकवायला हवं.

शेतीत पुढच्या काळात संवेदक येणारच आहेत, पंपावर, ठिबकावर, ट्रॅक्टरवर, गोठ्यात. त्यातले बहुतेक सीलबंद येतील आणि त्यांचे आकडे दूरच्या कुठल्यातरी संगणकात जाऊन पडतील. ज्याच्या रानातली हवा मोजली, त्यालाच तो आकडा विकत घ्यावा लागेल आणि आणखी काही मोजायचं असेल तर नवं यंत्र घ्यावं लागेल. हे टाळायचं असेल तर आम्ही लिहिणाऱ्यांनी आजच बाजू घेतली पाहिजे. माझी बाजू ठरलेली आहे. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा नकाशा त्याला मिळाला पाहिजे, त्यातला आकडा त्याच्या मालकीचा असला पाहिजे, आणि त्याने आणखी एखादा भाग लावता येईल का असं विचारलं, तर यंत्र बनवणाऱ्यापाशी प्रामाणिक 'हो' तयार असला पाहिजे. मी यापुढे ज्या ओळी लिहीन, त्या या 'हो'साठी लिहीन.